कानातली आई

रेवा बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, अशी तक्रार तिच्या मोठ्या शिशुवर्गाच्या बाईंनी केली, तेव्हा दीपश्रीने सगळ्यात आधी लेकीचे डोळे तपासले. तो तिचा व्यवसायच होता. पुण्यात बावधनला डोळ्यांच्या एका दवाखान्यात ती नजर तपासायची, आणि लहान मुलांना गोडीगुलाबीने चष्मा लावायला राजी करण्यात तिचा हातखंडा होता. रेवाची नजर उत्तम होती. भिंतीवरची मुंगी, समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसलेली घार, सगळं तिला नीट दिसत होतं. फक्त कोणी बोलायला लागलं, की ती मान दुसरीकडे वळवायची, नाहीतर सरळ डोळे मिटून घ्यायची. गोष्ट ऐकताना तर हमखास.

लहान मुलांच्या काही खोडी असतात, जातील हळूहळू, असं दीपश्रीने बाईंना सांगितलं. घरी रेवा सगळं लक्ष देऊन ऐकते आणि तिला सगळं समजतं, हेही सांगितलं. ते सांगताना तिला थोडा अभिमान वाटला होता.

कारण घरचा अभ्यास हा दीपश्रीचा आवडता उद्योग होता. मुलांना घरी लिहायला बसवू नका, त्यांच्याशी बोला, वस्तू मोजायला लावा, गोष्टी सांगा, एवढंच शाळेचं म्हणणं असे. दवाखान्यातून दुपारी घरी आली, की ती रेवाला घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसायची. कोकमाच्या बियांचे ढीग करायचे, कुठला मोठा, कुठला लहान. चमचे लांबीप्रमाणे लावायचे. डब्यांची झाकणं जुळवायची. आणि हे सगळं मालवणीतून. दीपश्री वेंगुर्ल्याची. शिकायला पुण्यात आली, बार्शीच्या निरंजनशी लग्न करून इथेच राहिली. नवऱ्याशी ती पुणेरी वळणाचं मराठी बोलायची, पण मूल मांडीवर आलं आणि तोंडातून आपोआप मालवणीच बाहेर पडली. रेवासाठी तिने स्वतः रचलेली एक गोष्ट होती, खाडीच्या काठावर राहणाऱ्या एका भांडखोर कुर्लीची, म्हणजे खेकडीची. तिला रोज नवं भांडण मिळायचं. रेवा डोळे मिटून ऐकायची आणि योग्य जागी हसायची.

उत्तरं मात्र ती इंग्रजीतून द्यायची. आजूबाजूच्या सगळ्याच मुलांचं तसं होतं, त्यामुळे दीपश्रीला त्यात वावगं वाटलं नाही. बोलत नसली तरी आपली भाषा तिच्या कानात मुरते आहे, वेळ आली की ओठांवर येईल, असं ती निरंजनला म्हणायची. निरंजन त्यावर मान डोलवायचा.

रेवाच्या दोन्ही कानांत कुड्या होत्या. कंपनीने दिलेलं नाव वेगळं होतं, पण कानाच्या पाळीवर टपोरा मोती आणि आत मऊ रबराची टोपी, अशा त्या यंत्राला सगळे कुडीच म्हणत. रेवा तीन वर्षांची झाली तरी फार कमी बोलत होती. तपासणीत कळलं, की तिला ऐकू येतं, पण गोंगाटातून माणसाचे शब्द वेगळे काढणं तिच्या मेंदूला जड जातं. अशा मुलांसाठी कुडी फार उपयोगी होती. मोत्यातला माइक बाहेरचा आवाज टिपतो. बाहेरून जी ध्वनिलहर येते, तिच्या नेमकी उलटी लहर यंत्र आत सोडतं आणि दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. म्हणजे कानात आधी पूर्ण शांतता होते. मग त्या शांततेत यंत्र फक्त बोलणाऱ्याचे शब्द स्वच्छ करून ठेवतं. मिक्सर नाही, हॉर्न नाही, फक्त आई. कुड्या आल्यावर काही महिन्यांतच रेवा बोलू लागली होती. दीपश्रीने त्या दिवसांत कुड्यांना मनोमन नमस्कार केला होता.

कुड्या शरीराच्या उष्णतेवर चालत, त्यामुळे झोपतानाही काढाव्या लागत नसत. निघायच्या त्या फक्त अंघोळीच्या वेळी. त्यांची सफाई निरंजन करायचा, आणि तेव्हाच हाती असतात म्हणून रेवाची अंघोळही त्याने स्वतःकडे घेतली होती. दवाखान्यातल्या मैत्रिणींना दीपश्री हे कौतुकाने सांगायची.

त्या पावसाळ्याच्या शेवटी रेवाचा उजवा कान सुजला. निरंजन कामासाठी बंगळुरूला गेला होता. दीपश्री तिला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञ डॉक्टर केंकरे बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी कानात बुरशी झाल्याचं सांगितलं, औषध घातलं आणि आठवडाभर दोन्ही कुड्या काढून ठेवायला सांगितल्या. दीपश्री घाबरली. कुड्यांशिवाय हिला ऐकू कसं येणार, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी संगणकावर जुने अहवाल काढले आणि त्यांना जरा आश्चर्य वाटलं. रेवाची ती अडचण केव्हाच गेली होती. मेंदू वाढला, सवय झाली, शब्द वेगळे होऊ लागले. मागच्या वर्षीच त्यांनी तसं कळवलं होतं.

"कुड्या बंद केल्या तरी चालेल, असं मी रेवाच्या बाबांना सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, भाषेसाठी चालू ठेवायच्या आहेत. मला वाटलं, तुम्हा दोघांचं ठरलं असेल."

भाषेसाठी म्हणजे काय, हे दीपश्रीने विचारलं नाही. नीट उच्चार कळण्यासाठी असेल, असं तिने गृहीत धरलं.

घरी आल्यावर तिने वरण-भात कालवला आणि रेवाला हाक मारली.

"रेवा, हय ये गो. ताटली घे आणि टेबलार ठेव."

रेवा आली, पण ताटली न घेता उभी राहिली. आज ती थेट आईच्या तोंडाकडे बघत होती, टक लावून. दीपश्रीला वाटलं, कान दुखतोय. तिने पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. मग एकेक शब्द तोडून. रेवा एक पाऊल मागे सरकली. ती इंग्रजीतून हळूच म्हणाली, "तुझा आवाज आईचा आहे. पण तू आईसारखं बोलत नाहीस."

दीपश्रीने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. तिने मराठीतून विचारून पाहिलं, पाणी हवं का, कान दुखतो का. रेवाला पाणी एवढाच शब्द कळला, तोही अंघोळीच्या वेळी, कुड्या नसताना कानावर पडलेला. शेवटी दीपश्री दवाखान्यातल्या इंग्रजीत बोलली, ज्या इंग्रजीत ती रुग्णांना वर बघा, खाली बघा सांगायची. रेवाचा चेहरा थोडा सैल झाला. पण ही इंग्रजी बोलणारी आईही तिला ओळखीची वाटली नाही. तिने विचारलं, आई इंग्रजी विसरली का, आणि बरी कधी होणार.

कुडी भाषांतर करते हे दीपश्रीला माहीत होतं. परदेशी जाणारे लोक तशीच वापरत. पण ते भाषांतर कुठल्यातरी परक्या आवाजात आणि अडखळत यायचं. हे वेगळं होतं. तिने फोनवर शोधलं. नवी सोय आलेली होती, तिची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर उघड होती. रोज कानावर पडणाऱ्या माणसाचा आवाज यंत्र शिकून घेतं आणि त्याच आवाजात दुसरी भाषा बोलतं. माणूस वाक्य सुरू करतो तेव्हाच ते पुढचे शब्द ओळखतं, कारण घरातली माणसं रोज तेच ते बोलतात. आणि रोज तीच गोष्ट सांगणारी आई असेल, तर यंत्राला वाट बघावीच लागत नाही. कुर्ली भांडणार कोणाशी, हे त्याला दीपश्रीच्या आधी ठाऊक असणार.

दुपारभर ती लेकीशेजारी बसून राहिली. तिने रेवाला कुर्लीची गोष्ट सांगायला सांगितली. रेवाने खुशीत सांगितली. गोष्ट गोड होती. त्यातला खेकडा कोणाशीही भांडत नव्हता. तो सगळ्यांना आपला खाऊ वाटत होता आणि दर थोड्या वेळाने एखादा अवघड शब्द समजावून सांगत होता. खाडीचा समुद्रकिनारा झाला होता. दीपश्री गोष्टीत आणायची तो तिच्या शाळेमागचा साकव, ज्या लाकडी पुलावरून ती लहानपणी पडली होती, कुठेच नव्हता.

मग रेवाने विचारलं, की सुट्टीत वेंगुर्ल्याला जाऊ तेव्हा आबा परत आलेले असतील का.

दीपश्रीने विचारलं, कुठून परत?

बोटीवरून, रेवा म्हणाली. आबा मोठ्या बोटीने लांब फिरायला गेले आहेत. तूच तर सांगितलंस. बाल्कनीत.

आबा म्हणजे दीपश्रीचे वडील. गेल्या गणपतीनंतर ते अचानक वारले होते. तिथलं सगळं आटोपून परत आल्यावर दीपश्रीने रेवाला बाल्कनीत मांडीवर घेतलं होतं. मुलांशी खोटं बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. "आबा गेले. आता ते परत येवचे नाय. तुका कळला मां?" असं ती म्हणाली होती, आणि बोलता बोलता रडलीही होती. रेवाने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि नंतर केळं मागितलं. एवढं मोठं दुःख लेकीने किती शांतपणे पेललं, असं दीपश्रीला वाटलं होतं. आपण दोघींनी ते मिळून पेललं, असं ती पुढे कित्येक दिवस समजत होती.

निरंजन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दीपश्रीने रेवाला खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे पाठवलं होतं. तिने काही विचारायच्या आत त्याने टेबलावर काढून ठेवलेल्या कुड्या पाहिल्या आणि बॅग खांद्यावरून न काढताच तो खुर्चीत बसला.

त्याने काही नाकारलं नाही. छोट्या शिशुवर्गात नाव घातलं तेव्हापासून ती सोय चालू होती, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. पहिलीला ज्या शाळेत त्याला रेवाला घालायचं होतं, तिथे मुलांशी तासभर गप्पा मारून निवड होते. घरात इंग्रजी ऐकलेलं मूल त्यांना लगेच ओळखू येतं. तो स्वतः बार्शीहून आला होता. पहिल्या नोकरीत त्याच्या एका इंग्रजी वाक्यावर सगळी बैठक हसली होती, आणि ती गोष्ट लग्नाआधी त्याने दीपश्रीला सांगितली होती. रेवाच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. आवाज तुझाच होता, माया तुझीच होती, फक्त शब्द बदलले, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दीपश्रीने डावी कुडी पुसली, स्वतःच्या कानात घातली, दुसऱ्या कानावर तळहात घट्ट दाबला आणि त्याला म्हणाली, "आता बोल. मराठीतच बोल."

तो बोलला. त्याचे ओठ रागाने आणि घाईने हलत होते. पण तिच्या कानात त्याचाच आवाज अगदी शांतपणे, सफाईदार इंग्रजीत सांगत होता, की तुला वाईट वाटलं याचं मला वाईट वाटतं, आपण दोघं मिळून काहीतरी छान मार्ग काढू. ओठ एक म्हणत होते, कान दुसरं. तिला गरगरल्यासारखं झालं आणि नकळत तिने डोळे मिटले. मिटल्याबरोबर बरं वाटलं.

त्या क्षणी तिला रेवाची खोड कळली. मूल बोलायला शिकतं ते निम्मं ओठांवरून. ओठ आणि आवाज जुळेनात, की मेंदू दोहोंपैकी एक सोडून देतो. रेवाने आईचा चेहरा सोडून दिला होता.

तिने कुडी काढली आणि तो शेवटी काय म्हणाला ते विचारलं. निरंजनने बॅग खांद्यावरून काढून खाली ठेवली. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, "तुझ्या मालवणीने तिला कुठे नेलं असतं, असं म्हणालो."

"हे कानात आलंच नाही."

"लहान मुलांसाठी ते कठोर बोलणं गाळतं," तो म्हणाला. "भांडणं, रागावणं. ते आपोआप होतं, मी केलं नाही."

"आणि आबा?"

निरंजनने खिडकीबाहेर पाहिलं. ती खरं तर अशी आशा करत होती, की हेही आपोआप झालं, असं तो म्हणेल. यंत्रावर रागावणं सोपं गेलं असतं.

"यंत्राने मला विचारलं होतं," तो शेवटी म्हणाला. "मुलीला वाईट बातमी सांगितली जाते आहे, जशीच्या तशी पोहोचवू का सौम्य करू, असं फोनवर आलं. मी आत सोफ्यावर होतो. तू बाहेर रडत होतीस. मला वाटलं, एवढ्या लहान वयात कशाला. मी सौम्य कर म्हटलं."

"मग मी आत आले तेव्हा तू मला जवळ घेतलंस," दीपश्री म्हणाली. "म्हणालास, किती छान समजावलंस तिला."

दीपश्रीला तेव्हा राग आला नाही, तो नंतर पुष्कळ आला. तेव्हा तिला फक्त लाज वाटली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीसमोर दोन वर्षं ती तोंड हलवत बसली होती, आणि घरातल्या एका माणसाला ते माहीत होतं. रेवाची अंघोळ त्याने स्वतःकडे का घेतली होती, हेही तिला तेव्हाच कळलं. विचारायची गरज उरली नाही.

कान बरा झाला, पण कुड्या पुन्हा घातल्या नाहीत. निरंजनने तिच्यासमोर कुड्यांचं कंपनीकडचं खातं बंद केलं. दीपश्री रेवाच्या खोलीत झोपू लागली. घर मोडलं नाही, पण दोघं एकमेकांशी गरजेपुरतं बोलू लागले.

सगळ्यात कठीण गेलं ते रेवाचं. तिला वाटत होतं की आपली आई कुठेतरी गेली आहे. कानातली आई कुठे आहे, असं ती विचारायची. कानातली आई कधी ओरडत नसे, तिचं सगळं कळत असे, तिच्या गोष्टी जास्त छान होत्या. ही आई थांबून थांबून बोलते, मिक्सर चालू असला की हिचं ऐकू येत नाही, आणि एकदा दूध उतू गेलं तेव्हा ही केवढ्याने ओरडली. रेवा त्या दिवशी टेबलाखाली जाऊन बसली होती. आईचा चढलेला आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. दीपश्री तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, की मी तीच आहे, मीच होते. ते खरं आहे की नाही, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

आबांचं तिने पुन्हा सांगितलं. आधी इंग्रजीतून, मग त्याच वाक्यांची मालवणी, रेवाचा हात स्वतःच्या गालावर ठेवून. रेवाने या वेळी डोळे उघडे ठेवले. ती खूप रडली, आणि मधेच आईला ढकलून देऊन म्हणाली, की तू खोटं सांगितलंस. दीपश्रीने तिला सांगितलं नाही, की खोटं कोणी सांगितलं. मुलीचा बाप तिच्यापासून तोडायचा नाही, एवढं तिने धरून ठेवलं होतं. त्यामुळे खोटारडी तीच ठरली, आणि ते तिने सोसलं.

मार्चमध्ये त्या शाळेची मुलाखत झाली आणि रेवाची निवडही झाली. निरंजनने पेढे आणले. दीपश्रीने एक खाल्ला. आपलंच खरं ठरलं, असं त्याला म्हणायचं आहे, हे पेढ्यांच्या खोक्यावर लिहिल्यासारखं दिसत होतं.

उन्हाळ्यात ती रेवाला घेऊन महिनाभर वेंगुर्ल्याला माहेरी राहिली. तिथे भावाची मुलं होती आणि त्यांना रेवाच्या इंग्रजीची अजिबात गरज नव्हती. त्यांच्या मागे धावताना रेवा बघता बघता शब्द उचलू लागली. आधी खाण्याचे, मग भांडणाचे. रोज संध्याकाळी आबांच्या रिकाम्या आरामखुर्चीजवळ थांबून ती काहीतरी विचारायची. ते कुठे बसायचे, काय खायचे, बोटीत कधी बसले होते का. त्या महिन्यात केव्हातरी दीपश्रीच्या भावाने रेवाला सरळ सांगून टाकलं, की आबा गेले तेव्हाच आईने तुला सगळं सांगितलं होतं, तुझ्या कानातल्या त्या यंत्राने ते बदललं. दीपश्रीला हे कळलं तेव्हा ती भावावर चिडली. रेवा मात्र ते ऐकून आबांच्या खुर्चीत जाऊन बसली होती.

महिना संपता संपता निरंजन त्यांना न्यायला आला. सगळे जेवायला बसले. त्याने रेवाला इंग्रजीतून विचारलं, मजा आली का, समुद्रावर गेलीस का. हातातला घास ताटात ठेवून रेवा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग मालवणीतून, थांबत, एकेक शब्द जुळवत म्हणाली,

"बाबा, आबा गेले ता... तुका म्हायत होता?"

निरंजनने दीपश्रीकडे पाहिलं. मालवणी त्याला बोलता येत नसे आणि एरवी अशा वेळी तीच मध्ये पडून अर्थ सांगायची. दीपश्रीने या वेळी तोंड उघडलं नाही. भावाने वाढायचं थांबवलं. प्रश्न निरंजनला कळला होता, हे सगळ्यांना दिसत होतं.

"हो," तो मराठीतून म्हणाला. "माहीत होतं."

रेवा आणखी थोडा वेळ त्याच्या ओठांकडे बघत थांबली, तो पुढे काही बोलेल म्हणून. मग आपलं ताट उचलून ती मामाच्या मुलांच्या पंगतीत जाऊन बसली.